चित्राची जागा

टायपिंग करणारा माणूस मजकूर वाचत नाही, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, दिवसभर एवढं वाचून या बाईला जगातलं सगळं कळत असेल. तसं काही नसतं. डोळे अक्षर उचलतात, बोटं ते खाली ठेवतात आणि डोकं मधल्या मधे संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असतं. मी आयुष्यभर असंच काम केलं आणि एकदाच त्याची लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

बारामतीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि अकरानंतर तापणारा पत्रा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं मी मराठी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवलं होतं, ते मशीनवर, म्हणजे टाईपरायटरवर. मग कॉम्प्युटर आले आणि क्लास ओस पडला, म्हणून मीही कॉम्प्युटर शिकले. हौस म्हणून नाही, दुसरं काही येत नव्हतं म्हणून. काटेवाडीहून रोज यायचे. सकाळी गाईंचं आवरायचं, दूध डेअरीला घालायचं, स्वयंपाक करायचा, मग बस. दुकानात पोचायचे तेव्हा अर्धा दिवस संपल्यासारखं वाटायचं आणि खरं काम तर तिथून सुरू व्हायचं.

काम म्हणजे मुख्यतः लग्नपत्रिका. त्याखालोखाल अर्ज, ठराव, प्रतिज्ञापत्रं आणि शाळांचे चाचणी पेपर. मी वेगानं टाईप करायचे आणि पान देखणं काढायचे, म्हणून लोक माझ्याकडे यायचे. ते देखणं कसं निघतं, हे कुणी विचारत नसे. वराकडची मंडळी डावीकडे, वधूकडची उजवीकडे, मधलं अंतर स्पेसबार दाबून दाबून आणायचं. सगळ्यात वर, मधोमध, कंसात 'चित्र' एवढाच शब्द टाकून जागा सोडायची. तिथे प्रेसवाला गणपती लावायचा. गणपती लावणं माझं काम नव्हतं. आमच्या धंद्यात 'चित्र' या शब्दाचा अर्थच तो होता, की पुढचं दुसरा कुणीतरी बघून घेईल.

श्रावणात एके दिवशी दुपारी एक जोडपं दुकानात आलं. बाई पुढे, गृहस्थ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे. गृहस्थांचे कपडे इस्त्रीचे, खिशाला पेन. पन्नाशीच्या अलीकडचे असावेत. मी म्हटलं, बसा. बाईंनी त्यांना खुर्चीपाशी नेलं, त्यांनी हातानं खुर्चीची पाठ चाचपली आणि मगच बसले. माझ्या लक्षात आलं ते तेव्हा.

ते इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात वीस वर्षं इतिहास शिकवत होते. राहायला शेळगावला. रातांधळेपणापासून सुरू झालेला डोळ्यांचा आजार वाढत वाढत गेला आणि दोन वर्षांपूर्वी उरलासुरला उजेडही गेला. ते गप्प बसले नाहीत. रजा काढून पुण्याला अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत राहिले आणि पंचेचाळिशी उलटल्यावर ब्रेल शिकले. आता शाळेत परत आले होते, पण वर्ग मिळाला नव्हता.

"पगाराचं काय न्हाय," ते म्हणाले. "त्यो चालूच हाय. नोकरीवरनं काढता येत न्हाय कुणाला. पण संस्थाचालक म्हणत्यात, सर, तुमी लायब्ररीत बसा. जानेवारीत पाठ बघनार हायेत. एकट्यानं घेऊन दाखवला तर वर्ग माझा. न्हायतर लायब्ररी."

"मग घ्या की. वीस वर्षं शिकवताय," मी म्हटलं.

"औंदा पुस्तक बदललंय."

त्यांच्या बायकोनं पिशवीतून आठवीच्या इतिहासाचं कोरं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. जुनं पुस्तक सरांना तोंडपाठ होतं. हे नवं ब्रेलमध्ये यायला वर्ष तरी लागणार होतं. घरी मुलगी वाचून दाखवायची, पण वर्गात ती कशी येणार? सरांना पुस्तक हातात हवं होतं, बोटांखाली. पुण्याच्या त्या संस्थेत कॉम्प्युटरवर चालणारं एक मशीन आलं होतं. फ्लॉपीत मजकूर टाईप करून दिला की ते जाड कागदावर ठिपके उठवून द्यायचं. फक्त टाईप करून देणारं माणूस हवं होतं. एवढंच ना, मी म्हटलं. शंभर पानांचं पुस्तक म्हणजे माझ्या दृष्टीनं चार दिवसांचं काम.

तीन धडे मी त्याच आठवड्यात पुरे केले. पान असं काढलं की छापलं असतं तर मूळ पुस्तकाला मागे टाकलं असतं. फ्लॉपी पुण्याला गेली. दहा-बारा दिवसांनी सर परत आले. पिशवीत तपकिरी जाड कागदांची चळत होती. मी पहिल्यांदाच ब्रेल पाहत होते. पानावर काहीच नव्हतं, नुसते पुरळ उठल्यासारखे ठिपके.

"ह्ये ऐका," ते म्हणाले आणि दोन्ही हातांची बोटं ओळीवर ठेवून वाचायला लागले. किल्ल्यांच्या भागांचा तक्ता होता तो. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात ते कुठे असतं, तिसऱ्यात कशासाठी. मी तो स्पेसबारनं इतका नेटका लावला होता. सर वाचत होते, "माची बालेकिल्ल्याखालची सैन्य राहण्याची सपाट जागा सोय."

त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला हसू आलं नाही. कागदावर शेजारी शेजारी उभे दिसणारे तीन रकाने बोटांखाली एकमेकांत घुसले होते. बोट एका वेळी एकच ओळ जाणतं. शेजारी काय आहे, वर काय आहे, त्याला काही दिसत नाही.

सोबत संस्थेचं चक्रमुद्रित पत्रक होतं, टायपिंग करणाऱ्यांसाठी सूचना. मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मी आयुष्यात जे जे शिकले आणि शिकवलं, ते ते करू नका, असं त्यात लिहिलं होतं. जागा सोडायला स्पेसबार वापरू नका. ओळ संपली म्हणून एंटर दाबू नका, फक्त परिच्छेद संपल्यावर दाबा. ही खोड मशीनच्या दिवसांतली. तिथे ओळीच्या शेवटी घंटी वाजायची आणि हात आपोआप कॅरेज ओढायचा. माझ्या कानात ती घंटी अजून वाजायची. धड्याचं नाव नुसतं मोठं आणि ठळक करू नका, बोटाला ठळक कळत नाही, त्याआधी अमुक खूण करा. तक्ता असेल तर एकेक ओळ पूर्ण वाक्यात लिहा. फाईल आमच्या फाँटमध्ये साठवायची नाही, कारण त्या फाँटमधलं मराठी दिसायला मराठी आणि आतून सगळी इंग्रजी अक्षरं, ती त्यांच्या मशीनला कळत नसत. आणि शेवटी, चित्र असेल तिथे चित्रात काय आहे ते शब्दांत लिहा.

"चित्रात काय आहे ते मी लिहायचं?" मी म्हटलं. "मी टायपिस्ट आहे, सर."

"मग कोन लिवनार?" सरांनी अगदी सरळ विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

तिथून पुढचे तीन महिने मी त्या पुस्तकाला अक्षरशः कंटाळले. चार दिवसांचं काम संपता संपेना. एक फ्लॉपी पुण्याला जायची, पत्र यायचं, की सतराव्या पानावर चार मोकळ्या जागा आहेत, दुरुस्त करा. दुरुस्त करून पाठवली, की फ्लॉपीच उघडत नाही. मग नवी फ्लॉपी. दुपारी वीज जायची आणि साठवायचं राहिलेलं पान तिच्याबरोबर जायचं. दरवेळी सर शेळगावहून बसनं यायचे, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, आणि दरवेळी म्हणायचे, "बाई, तुमाला लई त्रास हाय माजा." मी म्हणायचे, नाही हो. खरं तर व्हायचा.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. पहिल्या काही धड्यांची चित्रं मी मनापासून लिहिली. पहिलंच चित्र नाण्याचं होतं. मी लिहिलं, 'नाण्याचे चित्र'. सर म्हणाले, "नान्यावर काय हाय?" मी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. कडेनं बारीक ठिपक्यांची ओळ होती, मधे तीन ओळींत अक्षरं. हे मी एकदा टाईप करूनही पाहिलं नव्हतं. सगळं लिहिलं. पुढच्या वेळी ते पान बोटांनी वाचताना सर थांबले आणि म्हणाले, "कडंनं ठिपकं हायेत व्हय." त्यांचा चेहरा उजळला, हे मी पाहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यांचे वडील मेंढरं राखायचे. शेती नंतर आली. सर सांगायचे, अंधार पडला की वाड्यात कोंडलेल्या मेंढरांच्या पाठीवरून वडील नुसता हात फिरवायचे आणि कुठलं आजारी, कुठलं गाभण ते ओळखायचे. लहानपणी त्यांनी ती विद्या शिकायची टाळली, कारण त्यांना शाळा शिकून मास्तर व्हायचं होतं. "आता बोटं म्हनत्यात, तवाच शिकला असतास तर," ते हसून म्हणायचे. ते हसले की मला उलट अवघडल्यासारखं व्हायचं.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांची लग्नं सुरू झाली. आमच्या धंद्यात तुळशीच्या लग्नापासून पुढे जेवायला वेळ मिळत नाही. शटर उघडायच्या आधी पायरीवर माणसं. सुप्याच्या एका घरात दोन भावांची लग्नं एकाच मांडवात होती आणि दोघांच्या सासऱ्यांची नावं पत्रिकेत एकाच उंचीवर हवी होती, नाहीतर सोयरीक मोडेल अशी त्यांची बोलणी चाललेली. ती पत्रिका मी सात वेळा काढली. मान धरली होती, डोळ्यांतून पाणी यायचं, घरी गेल्यावर गाईचं दूध काढताना बोटं वळायची नाहीत. अशात सरांच्या पुस्तकाचा शेवटचा भाग राहिला होता, पाच धडे. सरांनी निरोप पाठवला की पाठ ठरला आहे, तोपर्यंत वर्ग शेवटच्या धड्यांवर आलेला असेल, तेवढं बघा.

मी ते पाच धडे दोन दुपारींत उरकले. मजकूर चोख टाईप केला. मोकळी जागा नाही, फालतू एंटर नाही, खुणा जिथल्या तिथे. तक्ते वाक्यांत. संस्थेच्या पत्रकातली एकेक सूचना आता हातात बसली होती. फक्त चित्रं सहा होती आणि त्या सहाही ठिकाणी मी कंसात 'चित्र' लिहिलं.

ठरवून लिहिलं का? मी स्वतःला हे खूपदा विचारलं आहे. ठरवून नाही. हात पत्रिकांवर होता. चित्राची जागा आली, हातानं 'चित्र' लिहिलं आणि पुढे गेला. दुसरा कुणीतरी बघून घेईल. पण शेवटच्या एका ठिकाणी माझ्या लक्षात आलं होतं, हेही खरं आहे. बाहेर सुप्याची माणसं बसली होती. मी म्हटलं, जाऊ दे. सरळ सांगायचं तर पाट्या टाकल्या.

पुण्याहून पत्र आलं की या वेळी फाईलमध्ये एकही दोष नाही. मशीनला दोष दिसला नसणार. शब्द होता, जागा होती, नियम पाळलेला होता.

पाठाच्या दिवशी सरांनी मला बोलावलं. "तुमच्या हातचं पुस्तक हाय, तुमी यायलाच पायजे." मी दुकान बंद ठेवून गेले. लग्नसराईत दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, ते मलाच माहीत. इंदापूरच्या बसनं फाट्यावर उतरले. उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता भरला होता. सरांची बायको मला न्यायला आली होती. म्हणाली, "पुस्तकाचा शेवटचा, तिसरा भाग कालच आला बगा टपालानं. काल दिसभर बोटं फिरवत्यात नुसती."

वर्गात मी शेवटच्या बाकावर बसले. मुख्याध्यापक आणि शाळेच्या संस्थेचे दोन संचालक भिंतीकडेला खुर्च्यांवर. सर टेबलाशी उभे, पुढ्यात तो जाड तपकिरी खंड उघडा. धडा गडकोटांचा होता. त्यांनी सुरुवात केली आणि मी दोन मिनिटांत विसरले की या माणसाला दिसत नाही. मान वर, चेहरा मुलांकडे, बोटं खाली ओळीवरून चाललेली. एक परिच्छेद वाचायचे, थांबून समजावायचे, प्रश्न विचारायचे, उत्तर कुठल्या बाकावरून आलं ते आवाजावरून ओळखून त्या मुलाकडे वळायचे. माचीचा, पहिल्या धड्यांतल्या त्या तक्त्यातला, प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला आणि मुलांनी बरोबर सांगितलं. एक संचालक दुसऱ्याकडे बघून मान हलवत होते. मला वाटलं, जमलं. मला वाटलं, माझ्या हातचं पुस्तक आहे हे.

मग त्यांनी वाचलं, "महादरवाजाची रचना कशी असते, ते चित्रात पाहा." पुढे त्यांचं बोट सरकलं आणि थांबलं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, चित्रात दरवाजा दिसत न्हाय."

सरांचं बोट त्या शब्दावरच होतं. माझ्या शेजारच्या मुलीचं पुस्तक उघडं होतं, मी त्यात पाहिलं. हे पान मी टाईप करताना समोर धरलं होतं आणि तरीही ते चित्र पहिल्यांदा पाहत होते. दोन बुरूज एकमेकांना खेटून आणि मधून वळत जाणारी वाट. बास. दरवाजा बुरजांच्या आड होता. शत्रूला तो लांबून दिसू नये, हाच त्या चित्राचा मुद्दा होता.

शांतता बरीच लांबली. मग सर म्हणाले, "नीट बघा. दोन मोठ्या फळ्या आहेत. फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत. हत्तीनं धडक मारू नये म्हणून ते ठोकलेले असतात."

"खिळे न्हाईत सर," मुलगी म्हणाली. तिला बिचारीला काही कळत नव्हतं. "फळ्याच न्हाईत. नुसते बुरूज हायेत."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. एका संचालकांनी पुढच्या मुलाचं पुस्तक मागून घेतलं, बघितलं आणि मुख्याध्यापकांपुढे धरलं. खिळ्यांचा दरवाजा जुन्या पुस्तकात होता. वीस वर्षं त्याच धड्यात, त्याच वाक्यानंतर तो यायचा. सरांनी तो आठवून सांगितला होता.

मी उठून उभं राहायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की चूक सरांची नाही, चित्रात काय आहे ते लिहिणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. एवढी दोन वाक्यं. मी बसून राहिले. मनात म्हटलं, मी परकी बाई, टायपिंगवाली, संस्थेच्या माणसांपुढे मी कशी बोलू. पण ते कारण नव्हतं. मला भीती वाटली, सगळे वळून माझ्याकडे बघतील.

सरांनी पाठ पुरा केला. पुढचं सगळं बिनचूक वाचलं, पण आवाज खाली गेला होता. पाठ संपल्यावर व्हरांड्यात संचालक मुख्याध्यापकांना म्हणाले, "वाचन उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण चित्रावर अंदाजानं बोलले. उद्या नकाशा आला तर काय करायचं?" ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

फाट्यापर्यंत सर आणि त्यांची बायको मला सोडायला आले. आम्ही तिघं बसची वाट बघत उभे होतो. मग सरांनी विचारलं, "बाई, पाठ बरा झाला का?"

"बरा झाला," मी म्हटलं.

फेब्रुवारीत कळलं की सर लायब्ररीत बसतात. चार कपाटं, पुस्तकांवर धूळ, आणि त्यांना वाचता येईल असं एकही पुस्तक तिथे नाही. मी मनाशी म्हटलं, पगार तर चालू आहे. लग्नसराईच्या गर्दीत हे असं काहीतरी मनाशी म्हणून माणूस दिवस ढकलतो. इंदापूरची बस गल्लीच्या तोंडाशी थांबली की मात्र माझी मान आपोआप खाली जायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी ते आले. तसेच, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. पिशवीतून तिसरा खंड काढला, मला माझ्याकडचं इतिहासाचं पुस्तक काढायला सांगितलं आणि म्हणाले, "ह्यात सा जागा हायेत. तेवढ्या भरून द्या. पुन्यावाले पानं बदलून देतो म्हनालेत."

"आता कशाला, सर?" माझ्या तोंडून गेलं.

"वर्ग गेला. पुस्तक हाय की," ते म्हणाले. "उद्या दुसऱ्या कुनाच्या हातात जाईल."

मी पुस्तक उघडलं. पहिली जागा त्या दरवाजाचीच निघाली. मी म्हटलं, "दोन बुरूज आहेत."

"किती उंच?"

"खाली एक माणूस काढलाय. त्याच्या सात-आठपट."

"लांब लांब हायेत का जवळ?"

"जवळ. मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढीच वाट."

"वाट येती कुटनं?"

मी पुस्तक पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. "डावीकडून वर चढत येते. बुरजांच्या मधे शिरते आणि उजवीकडे वळून दिसेनाशी होते."

"मंजी दरवाजा बुरजाच्या आड."

"हो."

ते म्हणाले, "पोरगी बरुबर इचारत हुती म्हना."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, चूक माझी होती. कामाच्या घाईत मी नुसतं चित्र लिहिलं. तुम्हाला फसवल्यासारखं झालं."

"ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "आदल्या दिशी वाचलं तवा मी धरून चाललो, बाईंनी काय लिवलं न्हाय, मंजी जुनंच चित्र असंल. बदललं असतं तर तुमी लिवलं असतं. नान्याचं ठिपकंसुदीक तुमी लिवलं हुतं."

त्यांची बायको खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाहेर स्टँडवर कंडक्टर इंदापूर, इंदापूर ओरडत होता. मला वाटलं, झालं, बोलून टाकलं, आता हलकं वाटेल.

सरांनी हात पुढे करून तो खंड चाचपला, पान उलटलं आणि बोट नेमकं त्या शब्दावर ठेवलं.

"पोरीनं इचारलं तवा मी हितं थांबलो हुतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमी मागं बसलाय ह्ये मला म्हाईत हुतं. मला वाटलं, तुमी सांगाल."

मी त्या दिवशी वर्गात होते तशीच बसून राहिले, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून.

"लिवा," थोड्या वेळानं सरच म्हणाले. "दोन बुरूज."

मी लिहायला लागले.